जपानचा ‘नुका-बुकुरो’ : पाकिटं भरण्याआधी हे वाचा

जपानी स्किनकेअरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच ताईंनी विचारलं, “सर, तांदळाच्या कोंड्याची पावडर पॅक करून विकू का?” आधी मूळ पद्धत समजून घ्या.

एदो काळात (1603 ते 1868) जपानमध्ये साबणाच्या जागी नुका-बुकुरो वापरायचे. छोट्या सुती पिशवीत कोंडा भरायचा, कोमट पाण्यात भिजवून पिळायचा आणि ती पिशवी चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवायची. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे चेहरा धुऊनही कोरडा पडत नाही.

पण अडचणही त्या तेलाचीच! तांदूळ सडला की कोंड्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम तेल फोडायला लागतं आणि माल खवट होतो. मी ट्रायलसाठी वीस पाकिटं भरून ठेवली होती. काही आठवड्यांत वास यायला लागला, सगळी फेकली.

लक्षात ठेवा, ‘नॅचरल’ म्हणजे टिकाऊ नाही. शिवाय आपल्याकडे कॉस्मेटिक बनवून विकायला परवाना लागतो. म्हणून घरी ताजा कोंडा वापरून बघा. विकायचं असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाचाच माल घ्या, आणि एक्सपायरी बघूनच ऑर्डर द्या.