मिसळ, तालीम आणि फौंड्री : कोल्हापूरचा एकच नकाशा

पुणे-बंगळुरू महामार्गावर महाराष्ट्राची हद्द संपायच्या थोडं आधी कागल लागतं. तिथून हातकणंगले तालुक्याच्या बाजूला पंचतारांकित एमआयडीसी पसरली आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड, इंडो काउंट अशी नावं मिरवणारे कारखाने, त्यांच्या आगेमागे फौंड्र्या आणि मशीन शॉप. मशीन बसवायला, कास्टिंग तपासायला, ऑडिट करायला परगावची माणसं इथे सतत येत असतात. काम आटोपल्यावर त्यांचा एकच प्रश्न असतो : आता काय बघू आणि कुठे जेवू? यजमानाकडे उत्तरादाखल दोन याद्या तयारच असतात. बघायच्या यादीत अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा. खायच्या यादीत मिसळ, तांबडा-पांढरा, भेळ. पहिली यादी इतिहासाची आणि दुसरी जिभेची, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकली आहे. कोल्हापूरपुरती तरी ही वाटणी चुकीची आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. इथल्या खाण्याचे ठिय्ये आणि इथल्या वारशाच्या जागा एकाच कष्टकरी शहराने एकाच काळात घडवल्या. त्यामुळे त्या एकाच नकाशावर पाहिल्या, तरच दोन्ही नीट कळतात.

सुरुवात मिसळीपासूनच करू. कोल्हापुरात नावाजलेली फडतरे मिसळ शिवाजी उद्यमनगरात मिळते. लेथ, ड्रिल आणि ओतकामाचा आवाज ज्या वस्तीत दिवसभर चालतो, तिथे शहरातली गाजलेली न्याहारी मिळावी हा योगायोग नाही. भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पाणी आलं तसा ऊस वाढला, उसाबरोबर गुऱ्हाळं वाढली. १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे सौदे होऊ लागले. गुऱ्हाळाच्या चरकाला आणि नदीकाठच्या पंपाला इंजिन लागतं. इंजिन बिघडलं की दुरुस्त करणारा लागतो, आणि दुरुस्त करता करता तोच एक दिवस नवा सुटा भाग ओतून बघतो. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्री यांच्यासारखे स्वतःच्या हिकमतीवर शिकलेले कारागीर याच वातावरणात घडले. उद्यमनगर, मग शिरोली आणि गोकुळ शिरगाव, आणि शेवटी कागल, असा हा कारखानदारीचा प्रवास आहे. पहाटे पाळीवर जाणाऱ्याला झटपट मिळणारं, स्वस्त आणि दुपारपर्यंत टिकणारं काहीतरी हवं असतं. मोडाची मटकी, वर फरसाण, कांदा, लिंबू, लालभडक कट आणि पावाऐवजी स्लाइस ब्रेड ही बशी त्या गरजेत चपखल बसते. कागलच्या कारखान्यात सिलिंडर ब्लॉक तपासणाऱ्या पाहुण्याला उद्यमनगरात मिसळ खायला नेलं, तर तो आपल्याच कामाचं मूळ पाहत असतो.

हीच साखळी तालमीकडेही जाते. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. कुठेही बसलं तरी कुस्ती नजरेआड होत नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत घाम गाळणाऱ्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. गंगावेशीतला दूध कट्टा त्या गरजेचंच रूप आहे. म्हशी कट्ट्यावर उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळतं धारोष्ण दूध पेल्यात पडतं. दूध निर्भेळ असल्याची खात्री डोळ्यांदेखत देणारा हा व्यवहार कोणत्याही शिक्क्यापेक्षा जुना आणि सोपा आहे. खासबागला लागूनच शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारलं. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. कुस्ती बघून किंवा नाटक सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीला काहीतरी चटपटीत लागायचं. राजाभाऊंची भेळ आणि खाऊगल्ली याच परिसरात का रुजली, हे त्यावरून उमगतं. मैदान, रंगमंच आणि भेळेची गाडी ही तीन वेगवेगळी आकर्षणं नाहीत. एका संध्याकाळचे ते तीन टप्पे होते.

आता रश्श्याकडे वळू, कारण पाहुण्याचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच असतो. देशभरच्या हॉटेलांनी ‘कोल्हापुरी’ हा शब्द नुसत्या जाळासाठी वापरला आणि लाल रंगाची कोणतीही भाजी त्या नावाने खपवली. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या ताटात तांबड्या रश्श्याशेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी असते. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ किंवा खसखस आणि खडा मसाला यांतून तो होतो. त्यात लाल तिखटाचा कणही नसतो. एकाच मटणातून एक झणझणीत आणि एक सौम्य असे दोन रस्से काढणं, ही खरी कारागिरी. तांबड्याचा जीव कांदा-लसूण मसाल्यात असतो. घरोघरी उन्हाळ्यात तो वर्षभरासाठी करून ठेवतात आणि त्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. चटणीच्या मिरच्याही लक्षात घेण्याजोग्या आहेत. रंग येतो तो ब्याडगी मिरचीने, ती हावेरीकडची. ठसका येतो तो संकेश्वरी जवारी मिरचीने, तिचे सौदे गडहिंग्लजला होतात. म्हणजे ज्या चवीवर आपण केवळ आपला हक्क सांगतो, ती कागलवरून जाणाऱ्या महामार्गाच्या आणि कर्नाटकाच्या हद्दीच्या देवघेवीतून तयार झाली आहे. कागल हे सीमेवरचं गाव आहे, हे पाहुण्याला नकाशावरून कळतं आणि ताटावरून अधिक चांगलं कळतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मिसळ आणि रस्सा यांना वारसा म्हणणं म्हणजे जरा अतीच झालं. मिरची मुळात पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली, आणि मटण थाळीची हॉटेलं तर विसाव्या शतकातली. शेकडो वर्षांच्या मंदिराशेजारी त्यांना कसं बसवायचं? हे खरं आहे, पण मग नियम सगळीकडे सारखा लावायला हवा. मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेला न्यू पॅलेस १८८४ साली पूर्ण झाला, टाउन हॉल त्याच्या काही वर्षं आधीचा. त्यांना वारसा म्हणताना आपण वयाचा दाखला मागत नाही. त्यांतून एका काळाचा विचार दिसतो, तेवढं पुरतं. जगानेही हा मापदंड आता स्वीकारला आहे. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. फिलिपिन्समधलं इलोइलो शहर २०२३ साली युनेस्कोच्या पाककलेच्या शहरांत गेलं. तिथल्या प्रसिद्ध बॅचॉय या शेवयांच्या सूपाचं मूळ ला पाझच्या साध्या बाजारपेठेत आहे. त्याच देशातलं विगन हे स्पॅनिश वळणाचं शहर १९९९ पासून जागतिक वारसा आहे. तिथे जुन्या घरांची रांग बघून प्रवासी चौकात एम्पानाडा खातो. पदार्थाचं नाव स्पॅनिश, पण सारणात कच्ची पपई आणि गावातलं सॉसेज. परक्या पदार्थाने आपल्या मातीत घेतलेलं वळण हाच तिथे इतिहासाचा पुरावा ठरतो. तोच न्याय आपल्या मिरचीलाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाण्याच्या गौरवात जात झाकली जाते, असं कुणी म्हणेल. कुणाच्या हातचं खायचं, कुणी कुठे बसायचं, यावरच आपल्याकडे माणसाची किंमत ठरत आली. हा आक्षेप टाळून चालणार नाही, आणि कोल्हापूरला तो टाळायची गरजही नाही. खाण्याची जागा हा सामाजिक इतिहासाचा पुरावा असतो, हे सिद्ध करणारं सर्वांत ठळक उदाहरण इथलंच आहे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत काम करत. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, या प्रश्नाला महाराजांनी भाषणातून उत्तर दिलं नाही. ते गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा चहाच्या कपालाही धोरणाचं महत्त्व देत होता. मार्च १९२० मध्ये ज्या माणगाव परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. आज ते हातकणंगले तालुक्यात आहे, एमआयडीसीपासून फार लांब नाही. पाहुण्याच्या यादीत न्यू पॅलेस असतो आणि माणगाव नसतं, याला अंतराचं कारण देता येत नाही.

‘हे सगळं कोल्हापूरचं झालं, खुद्द कागलात काय आहे?’ हा प्रश्न कागलकरसुद्धा विचारतात. उत्तर असं, की शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, जन्मनाव यशवंतराव. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. बावडा मिसळीसाठी तिथे जाणाऱ्याने ते जन्मस्थळ चुकवू नये. कागलात घाटग्यांचा वाडा आहे, त्याच घराण्यातल्या जयसिंगरावांच्या नावाचा तलाव आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही ज्याला मानतात तो गैबी पीर आहे, आणि त्याच्या उरुसाला सगळं गाव लोटतं. ‘झोंबी’ लिहिणारे आनंद यादव याच गावचे. शिक्षणासाठी धडपडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची ती कहाणी १९९० च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. आज ज्या शिवारांच्या कडेला कारखान्यांची कुंपणं दिसतात, त्या शिवारातलं कष्टाचं आणि अर्धपोटी जगणं समजून घ्यायचं असेल, तर हे पुस्तक कोणत्याही माहितीफलकापेक्षा उपयोगी आहे. एमआयडीसीच्या दुसऱ्या अंगाला चांदीच्या कामाचं हुपरी आहे आणि विठ्ठल-बिरदेवाचं पट्टणकोडोली आहे. दसऱ्यानंतर भरणाऱ्या तिथल्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर घोंगडी आणि ढोल घेऊन येतात, खोबरं आणि भंडाऱ्याची उधळण होते, फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला माणसं जीव कानात आणतात. वर्षातले बाकीचे दिवस त्याच रस्त्याने कंपन्यांच्या बस धावत असतात.

कामाला आलेल्या माणसाला इतका वेळ कुठे असतो, ही शंका रास्त आहे. पण एकच नकाशा धरला तर वेळ उलट वाचतो. सकाळी उद्यमनगरात मिसळ खाऊन नंतर कागलला कामावर जाता येतं. संध्याकाळी परत येऊन खासबाग, शेजारी भेळ, मग गंगावेशीत दूध, एवढं दोन-तीन तासांत सहज बसतं. अख्खा रविवार हाताशी असेल तर दोन दिशा आहेत. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या मालिकेत जागतिक वारसा झाला. तिथे झुणका-भाकर, खरडा आणि दही हेच जेवण योग्य, कारण भोवतालच्या डोंगरी वाड्यांचा तो रोजचा आहार आहे. दुसऱ्या दिशेला खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, शिलाहारकालीन. गोल उघडं छत असलेला त्याचा स्वर्गमंडप पाहून परतताना नृसिंहवाडीला बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी मिळते. कृष्णाकाठचा हिरवा चारा आणि त्यावरच्या म्हशी यांच्यावाचून ही बासुंदी झालीच नसती. गुळाच्या हंगामात एखादं गुऱ्हाळ बघावं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी काहिलीसमोरचा गुळव्या पाक कधी उतरवायचा हे अजून डोळ्यांनीच ठरवतो.

शेवटची भीती अशी, की नाव झालं की जागा बिघडते. रांगा लागतात, दर चढतात, रोजचं गिऱ्हाईक बाजूला पडतं. हे होतं, हे मान्य करायला हवं. यावर उपाय म्हणजे दोन-चार नावांचा जप थांबवणं. चवीमागचं कारण सांगितलं की पाहुणा कोणत्याही चांगल्या खानावळीत ती चव ओळखू शकतो, आणि गर्दी आपोआप वाटली जाते. वारसा वापरात असणं हे त्याचं संरक्षणही असतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. ते होतं तसंच पुन्हा उभं राहावं, असा आग्रह रंगकर्मींनी आणि सामान्य प्रेक्षकांनी लगेच धरला, कारण ती त्यांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातली वास्तू होती. वापर संपलेल्या इमारतीसाठी एवढी हळहळ कुणी करत नाही. म्हणून एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनांनी आणि कंपन्यांनी एक छोटं काम हाती घ्यावं. पाहुण्याच्या हातात वेळापत्रकाबरोबर एक पानी नकाशा द्यावा. त्यात उद्यमनगर, खासबाग, दूध कट्टा, बावडा, माणगाव, कागलचा गैबी, हुपरी आणि पट्टणकोडोली अशा जागा असाव्यात आणि प्रत्येकीपुढे तिथे काय खावं आणि ते तिथेच का मिळतं हे दोन ओळींत लिहावं. खर्च फार नाही. इंजिन, गूळ, कुस्ती आणि रस्सा एकाच पाण्यावर वाढले, हे ज्या पाहुण्याला समजेल, तो पुढच्या खेपेला जेवायला कुठे जाऊ हे विचारताना आणखी काय बघू हेही त्याच दमात विचारेल.