गाडीतला काटा नेमके काय सांगतो?

खुटबाव परिसरात आजही जुन्या डिझेल जीप दिसतात. ऊस, गूळ, माणसे, सगळे त्यांतून जाते. अशीच एक जीप उन्हाळ्यात यवतहून भुलेश्वरचा घाट चढत होती. चालकाचे तापमानाच्या काट्याकडे लक्ष होते. काटा वर गेला नाही, उलट खाली आला! थोड्याच वेळात इंजिन बंद पडले. रेडिएटरचा खालचा होज फाटून सगळे पाणी वाहून गेले होते आणि हेडला बाक आला होता. दुरुस्तीत त्याची हंगामाची कमाई गेली. "काटा खोटं बोलला," असे तो म्हणाला.

आम्हाला वाटते, काटा खरेच बोलला. त्याचा सेन्सर इंजिनच्या पाण्यात बुडालेला असतो आणि तो स्वतःचेच तापमान सांगतो. पाणी गेल्यावर तो मोकळ्या जागेत राहिला. हवेतून उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचेना, म्हणून तो थंड झाला. धातू मात्र तापतच होता.

या चालकाने नवे मीटर घ्यायचे ठरवले, तेव्हा बाजारात त्याला दोन प्रकार दिसले. पहिल्यात सेन्सरच्या फुग्यात सहज वाफ होणारा द्रव असतो. वाफेचा दाब बारीक नळीतून मीटरमधल्या वाकड्या, चपट्या नळीत येतो. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. (बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये या नळीचे पेटंट घेतले. पीपीची फुंकून उलगडणारी कागदी नळी आठवा.) याला वीज लागत नाही, पण नळी कापता किंवा जोडता येत नाही, म्हणून लांबी आधी मोजून घ्यावी लागते.

दुसरा प्रकार विजेचा. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर जातो. बसवायला सोपा, म्हणून चालकाने हाच घेतला. मीटर एका बनावटीचे, सेन्सर दुसऱ्या. आटे जुळले, एवढे त्याला पुरेसे वाटले.

आम्ही ते शाळेच्या प्रयोगशाळेत आणले. पातेल्यातल्या पाण्यात तापमापी आणि सेन्सर शेजारी शेजारी टांगले, सेन्सरचा धातूचा भाग १२ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला आणि पाणी तापवले. पाणी उकळू लागले तेव्हा तापमापीवर ९८ अंश होते. (१०० का नाही, असे विद्यार्थ्यांनी विचारलेच. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहोत. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो.) मीटरचा काटा मात्र सत्तरच्या आसपासच थांबला! मीटरच्या जोडीचाच सेन्सर आणल्यावर काटा नव्वदच्या पुढे, जिथे हवा तिथे गेला. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. मल्टिमीटर असेल तर दर दहा अंशांना रोध मोजून आलेख काढा; तो सरळ रेषा नसतो.

बसवताना इंजिन थंड हवे. गरम रेडिएटरचे झाकण कधीच उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी ११० अंशांनाही द्रवच असते आणि दाब सुटताच उसळून अंगावर येते. सेन्सरची जागा थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला हवी. गळती नको म्हणून आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळतात, तिथे फसगत होते. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते. टेपने ते बिघडले तर रोध वाढतो आणि काटा 'थंड' दाखवतो. तार तुटली तरी तेच. म्हणजे बिघाड झाला की हे मीटर धीर देते! तारेला फ्यूज हवा, आणि पत्र्याच्या भोकात रबराची कडी.

ऑइलच्या दाबाचे मीटर घेताना आम्ही विजेचेच सुचवू. नळीच्या प्रकारात गरम ऑइल चालकाच्या गुडघ्यापाशी येते. चार्जिंगसाठी अ‍ॅमीटरपेक्षा व्होल्टमीटर बरा. अ‍ॅमीटरमधून गाडीचा बराचसा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत फिरवावा लागतो. व्होल्टमीटरला बारीक तार पुरते. इंजिन चालू असताना त्यावर साधारण १४ व्होल्ट दिसावेत.

मूळ प्रश्न मात्र उरतोच. पाणी गेले तर नवा काटाही खालीच येणार. म्हणून त्या जीपमध्ये आता आणखी एक सेन्सर आहे, वॉशरसारखा, थेट हेडच्या धातूवर बोल्टखाली कसलेला. त्याला पाण्याची गरज नाही. चालकाने दोन्ही मीटरच्या काचांवर तांबड्या रंगाच्या रेघा ओढल्या आहेत: एक सपाट रस्त्यावरची, एक भुलेश्वरच्या चढावरची.