चिठ्ठी, कार्ड आणि ग्रंथालयाचं दार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे होते. 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या सूत्रावर शिक्कामोर्तब केलं. समानता कागदावरच राहिली. शाळा, रेल्वेचे डबे, पिण्याच्या पाण्याचे नळ, सगळं दुहेरी.

याचा माणसावर काय परिणाम होत होता, ते कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांच्या ‘ब्लॅक बॉय’ (1945) या आत्मकथनात दिसतं. दक्षिणेतल्या मेम्फिस शहरातल्या ग्रंथालयातून काळ्यांना पुस्तकं मिळत नसत. राइट तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. त्यांनी एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि तीत स्वतःचा उल्लेख मुद्दाम हिणकस शब्दाने केला. चिठ्ठी गोऱ्याचीच वाटावी, म्हणून! पुस्तकं तुझ्यासाठी तर नाहीत ना, असं ग्रंथपालांनी विचारल्यावर आपल्याला वाचताच येत नाही, असं त्यांनी सांगितलं. वाचायला मिळावं म्हणून निरक्षर व्हायचं.

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये (1960) हाच भेद एका गोऱ्या मुलीच्या नजरेतून येतो. न्यायालयात काळ्यांची जागा वरच्या सज्जात. कादंबरी अफाट गाजली; पण तिच्यातला काळा आरोपी टॉम रॉबिन्सन याचं मन तीत फारसं उलगडत नाही.

अमेरिकेतल्या या अनुभवाशी महाराष्ट्राचंही नातं जुळलं. मुंबईत 1972 मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेने आपलं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं. अभ्यासक जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीत सविस्तर ओळख करून दिली. हे साहित्य वाचायला सुरुवात करायची, तर ‘ब्लॅक बॉय’पासून करावी.