डोळ्यापेक्षा खोली गरम

मे महिन्यात औषधनिर्माणाच्या प्रयोगशाळेतलं पहिलं काम म्हणजे बर्फ आणणं. जालन्यात त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो, टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, आणि पोलोक्झॅमर ४०७ या जेल बनवणाऱ्या पॉलिमरला गरम पाणी मुळीच चालत नाही. साखर लवकर विरघळावी म्हणून आपण पाणी तापवतो. इथे बीकर बर्फाच्या परातीत बसवायचा, पाणी चार-पाच अंशांवर आणायचं आणि मग पांढरे बारीक दाणे चिमटीचिमटीने सोडायचे. शंभर ग्रॅम द्रावणात वीस ग्रॅम. घाई केली की फेस येतो, गठ्ठे होतात. ते फोडत बसण्यापेक्षा बीकर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला बरा. सकाळी नितळ द्रावण तयार असतं.

त्यातलं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन वॉटर बाथमध्ये धरलं. एकेक अंश वाढवायचा, थांबायचं, नळी आडवी करून पाहायची. विसाला द्रावण सरसर धावत होतं. बाविसाला आळसावलं. चोविसाच्या पुढे नळी उलटी केली तरी थेंब पडेना. आतले बुडबुडे जिथल्या तिथे अडकलेले. बर्फात बुडवली की पुन्हा पातळ. तुपाच्या बरोबर उलट वागणं!

या रेणूचे तीन तुकडे असतात. दोन्ही टोकांना पाण्याशी जमवून घेणारा पॉलिइथिलीन ऑक्साइड, मध्ये पॉलिप्रोपिलीन ऑक्साइड. थंडीत मधल्या तुकड्याभोवतीही पाण्याचे रेणू शिस्तीत बसतात, म्हणून तो निभावून नेतो. ऊब लागली की ते पाणी सुटतं, मधला तुकडा उघडा पडतो आणि पाणी टाळण्यासाठी असे अनेक तुकडे एकत्र गोळा होतात. टोकं बाहेर पाण्यातच राहतात. हाच मायसेल. या गोळा होण्यात उष्णता शोषली जाते. तरीही ते घडतं, कारण सुटलेल्या पाण्याला मोकळीक मिळते. द्रावण पुरेसं दाट असेल तर मायसेल एकमेकांना खेटून बसतात, हलायला जागा उरत नाही आणि जेल होतं. नवा रासायनिक बंध कुठेच नाही, म्हणून तर ते गार केल्यावर मोडतं.

साध्या डिटर्जंटमध्ये मायसेल व्हायला किती माल लागतो, ते तापमानावर फारसं ठरत नाही. इथे तापमानच सगळं ठरवतं. एमआयटीतल्या अलेक्झांड्रिडिस, होल्झवार्थ आणि हॅटन यांनी १९९४ मध्ये अशा बऱ्याच पॉलिमरांची मोजमापं छापली. पोलोक्झॅमर ४०७ च्या बाबतीत २५ वरून ३५ अंशांवर गेलं की लागणारी मात्रा दहापटीहून जास्त खाली येते. मायसेलचा आकार डोळ्यांना दिसत नाही. तो मोजायला ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉनही वापरले गेले आहेत.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे, तेव्हा रसायनशास्त्राची पुस्तकं या गावाला परकी नाहीत. पण त्या पुस्तकांतलं ‘खोलीचं तापमान’ २५ अंश असतं, आणि मे महिन्यात तशी खोली फक्त एसीवाल्यांकडे. डोळ्यात घालायच्या औषधासाठी हे जेल वापरतात ते एका सोप्या हिशेबावर: बाटलीत पातळ, डोळ्यात घट्ट. डोळ्याचा पृष्ठभाग साधारण ३४ अंश. मेच्या दुपारी खोलीच ३८ वर असेल तर औषध बाटलीतच घट्ट होऊन बसणार! पोलोक्झॅमर १८८ मिसळून घट्ट होण्याचा अंश वर नेता येतो, मीठ घातलं तर तो खाली येतो; पण ३४ च्या वर नेला तर डोळ्यात जेल होणारच नाही. शिवाय अश्रूंनी द्रावण पातळ होतं, त्यामुळे तो अंश आणखी चढतो. माझ्या मते ही अडचण मिश्रणाने सुटणारी नाही, साठवणीने सुटेल.

मेमधल्याच एका दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली होती. घट्ट झालेली बाटली एका विद्यार्थिनीने ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत वाऱ्याला ठेवली. मराठवाड्याची कोरडी हवा फडक्यातलं पाणी भराभर ओढून घेते, बाटली निवत जाते. हे मिश्रण २८ अंशांना घट्ट होणारं होतं. अर्ध्या तासाने बाटली तिरकी केली, तर औषध वाहत होतं. वहीत तिने तापमानाशेजारी हवेतल्या आर्द्रतेचाही रकाना आखला, कारण जुलैतल्या दमट हवेत हा उपाय चालणार नाही.