आजारी मुलाचें भावंड



घरांत एका मुलास मोठें दुखणें जडलें म्हणजे आल्यागेल्याचा पहिला प्रश्न त्या मुलाविषयीं असतो, दुसरा त्याच्या आईविषयीं. दाराआड उभ्या असलेल्या दुसऱ्या भावंडास कोणी विचारलेंच, तर एवढेंच कीं, "दादाला आतां बरं आहे ना?" आज या भावंडाविषयीं बोलावयाचें आहे.

विषय मोघम राहूं नये म्हणून थॅलॅसीमिया या रक्तविकाराचें उदाहरण घेऊं. त्याच्या तीव्र प्रकारांत शरीर पुरेसें निरोगी रक्त तयार करूं शकत नाहीं. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनीं मुलास दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. त्यामुळें शरीरांत सांचणारें लोह काढून टाकण्यास औषध हवें तें निराळेंच. रुग्णालयाच्या त्या दिवशीं धाकटी बहीण शेजारीं जेवते, स्नेहसंमेलनांत आईवडिलांवांचून उभी राहते आणि तक्रार करीत नाहीं. मग सर्व म्हणतात, "किती शहाणी पोर!" शब्द मायेचा खरा, पण त्यानेंच तिच्या तोंडास कुलूप लागतें. शहाण्या मुलीनें रडावें कसें? रागवावें कसें?

या मौनाखालीं भय असतें. हें दुखणें मला होईल काय? मीं भांडलें म्हणून तर दादाला झालें नसेल? येथें खोट्या धीरापेक्षां खरी माहिती उपयोगी पडते. हा विकार संसर्गजन्य नव्हे. तो उपजत असतो, आणि त्यांत कोणाचाहि अपराध नसतो. हें चार मण्यांनीं समजावितां येतें. आईच्या मुठींत एक पांढरा व एक काळा मणी, वडिलांच्याहि मुठींत तसेच. दोघांनीं डोळे मिटून एकेक मणी मुलास द्यावयाचा. दोन्ही काळे आले तर दुखणें. एक काळा आला तर मूल विकाराचें वाहक, परंतु आजारी नव्हे. दोन्ही पांढरे आले तर कांहींच नाहीं. प्रत्येक मुलाच्या वेळीं दुखण्याचा संभव चारांत एक. आपल्या वांट्यास कोणते मणी आले, हें रक्ताच्या तपासणीनें कळतें.

याहून नाजूक प्रसंग अस्थिमज्जा रोपणाचा. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभवहि चारांत एकच असतो. तपासणीपूर्वींच मुलीस सांगावें कीं, न जुळली तर तूं कमी पडलीस असें नव्हे. जुळली, आणि तरीहि उपचारास यश आलें नाहीं, तर तो दोष तुझा नव्हे. वैद्यांनींहि तिच्याशीं स्वतंत्रपणें बोलावें; तिला वाटणारी भीति ऐकून घ्यावी.

आईवडिलांनीं आठवड्यांतून अर्धा तास कां होईना, केवळ तिच्यासाठीं ठेवावा. मात्र तो मोडूं नये. घरकामांत तिची मदत घ्यावी, पण तिला दुसरी आई करूं नये. शाळेंत वर्गशिक्षकांस घरची स्थिति कळवावी. गृहपाठ राहिला तर कारण त्यांना ठाऊक असावें. अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथें 1982 सालीं डॉन मायर यांनीं अशा भावंडांचे मेळावे सुरू केले. तेथें मुलें खेळतात आणि खेळतां खेळतां मनांतलें बोलतात. अशीं चार-पांच मुलें आपल्या गांवांतहि एकत्र आणतां येतील. त्यास एक खोली व एक समंजस शिक्षक पुरे.

एखाद्या दिवशीं ही शहाणी मुलगी चिडून म्हणेल, "तुम्हांला फक्त दादाच दिसतो!" तेव्हां तिला गप्प करूं नये. जवळ बसवून पुढें बोलूं द्यावें.