वाळवंटातील बंदिवास : कूत-अल्-अमाराचे युद्धकैदी आणि मराठा पलटणी (१९१६-१९१८)

पहिल्या महायुद्धात वाळवंटात बंदी झालेल्यांची चर्चा निघाली की पाश्चात्त्य लेखनात 'तारा' या ब्रिटिश जहाजाचा उल्लेख हटकून येतो. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी यू-३५ या जर्मन पाणबुडीने इजिप्तच्या सीमेवरील सोलूमच्या आखातात हे जहाज बुडविले. बचावलेले खलाशी सनुसी पंथीयांच्या ताब्यात गेले आणि लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमच्या जुन्या विहिरींपाशी त्यांना ठेवण्यात आले. गोगलगायी व कंदमुळे खाऊन त्यांनी चार महिने काढले. १७ मार्च १९१६ रोजी चिलखती मोटारींच्या तुकडीने त्यांची सुटका केली. जहाजाचे कप्तान ग्वॅटकिन-विल्यम्स यांनी पुढे या बंदिवासावर पुस्तकही लिहिले.

या सुटकेला दीड महिना होतो न होतो तोच, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियातील कूत-अल्-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सैनिक व बिगरलढाऊ नोकर मिळून सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. ही फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची होती. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तीत होत्या. यांच्यासाठी मोटारींची तुकडी येणार नव्हती.

या कैद्यांच्या हालअपेष्टांचे मूळ वेढ्याच्या काळात शोधावे लागते. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला होता. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून मांस वाटण्यात आले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते नाकारले. धर्मगुरूंची अनुमती तारेने मागविण्यात आली, ती मिळालीही. तरी गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही धास्ती सुटली नाही. हा निव्वळ अंधविश्वास म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ज्याची सोयरीक, पंगत आणि अंत्यविधी जातीच्या हाती होते, त्याच्या दृष्टीने तो हिशोब पूर्णपणे व्यवहाराचा होता. परिणामी रक्तपिती हा रोग हिंदी पलटणींत बळावला. शरणागतीच्या दिवशी ही माणसे आधीच अर्धमेली होती. त्यानंतर शुमरानच्या छावणीत मिळालेली तुर्की सैन्याची कडक बिस्किटे भुकेल्या पोटांना सोसली नाहीत आणि आतड्यांच्या विकाराने अनेक दगावले.

पुढे अधिकारी व शिपाई यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र बगदादवरून रेल्वेने समारा गाठल्यावर तिक्रित, मोसूल, नुसैबिन या मार्गाने ऐन उन्हाळ्यात पायी हाकण्यात आले. मागे पडला तो बहुधा तेथेच राहिला. अंगावरचे कपडे व बूट भाकरीच्या मोबदल्यात गेले. रास-अल्-ऐन येथे पोहोचलेल्या हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. हेच ठिकाण त्या काळात हद्दपार आर्मेनियन लोकांच्या छळछावणीचेही होते.

या छावणीचे वर्णन हिंदी माणसाने लिहिले, पण ते बंगालीत. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिरप्रसाद सर्बाधिकारी यांनी रोजनिशीची पाने बुटांत लपवून वाचविली. त्यांवरून पुढे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक झाले. डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये रास-अल्-ऐन येथेच वारले. त्यांचे चरित्र त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी लिहिले. हे दोघेही शिकलेले, मध्यमवर्गीय. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या शेतकरी कुटुंबांतून भरती झालेल्या शिपायाच्या घरी अशी रोजनिशी जपली जाण्याची शक्यता तशी अल्पच. पलटणीचा इतिहास लिहिला गेला तो अधिकाऱ्यांच्या लेखणीने, आणि त्यात लढाया मोठ्या, कैद लहान.

बसरा येथील स्मारकाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या, परंतु थडगे ज्ञात नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या मार्गावर उभारण्यात आले. ब्रिटिश शिपायांची नावे त्याच्या शिळांवर स्वतंत्रपणे कोरली गेली. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावापुढे केवळ मृतांची संख्या आहे.