पैसा कोणाचा, फोन कोणाचा?

परतवाडा सोडून धारणीची गाडी घाट चढू लागली की फोनवरच्या रेंजच्या दांड्या कमी-जास्त व्हायला लागतात. घटांगहून एक रस्ता चिखलदऱ्याला वळतो आणि दुसरा जंगलातून सेमाडोहला जातो. सिपना नदीकाठचं हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं. कोरकू वस्ती, वनखात्याचं पर्यटन संकुल आणि रस्त्यालगत चहा-भजी, बिस्किटं, किराणा विकणारी दुकानं. अचलपूर-परतवाड्याची, अमरावती-अकोल्याकडची आपली कितीतरी कुटुंबं थंडीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन इकडे येतात. शहरात आता कोणी विचारतही नाही, सरळ फोन पुढे करतो. इथला दुकानदार मात्र कढईतला झारा न सोडताच सांगतो, "भाऊ, नेट असन त स्कॅन करा, नाही त नगदी द्या."

त्याला मागासलेला समजू नये. तो हिशेबी माणूस आहे. गाडी सुटायच्या आत पैसे हातात पडतील की नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं.

यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि लोक नाइलाजाने फोनकडे वळले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यातले यूपीआय व्यवहार पहिल्यांदाच दोन हजार कोटींच्या वर गेले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. नोटबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या जवळजवळ ३५ लाख कोटींच्या झाल्या. म्हणजे फोनने नोटेला हाकललं नाही. लोकांनी दोन्ही ठेवलं.

सेमाडोहच्या पुढे त्याच रस्त्यावर हरिसाल लागतं. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्याला 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणलं. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग तिथे झाला. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत याच गावाच्या डिजिटलपणावरून जाहीर सभांमध्ये वाद रंगला. ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं धसई हे डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून गाजलं. तिथे भर होता कार्ड घासायच्या मशीनवर. पण गावोगावी रुजलं ते मशीन नव्हे, कागदावर छापलेला क्यूआर कोड. कारण साधं आहे. मशीनला भाडं लागतं, वीज लागते, आणि कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून काही टक्के कापते. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरची ही कपात १ जानेवारी २०२० पासून शून्य झाली. दहा रुपयांच्या चहासाठी मशीन कोण ठेवणार? कागद टपरीच्या खांबाला चिकटवला की काम झालं.

म्हणून सेमाडोहसारख्या ठिकाणी कार्ड हा प्रश्नच नाही. कार्ड कामाचं आहे ते अमरावतीच्या मोठ्या दुकानात, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या बिलाला. तिथेही डेबिट आणि क्रेडिट कार्डातला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. डेबिटमध्ये आपलेच पैसे जातात. क्रेडिटमध्ये बँकेचे जातात, आणि बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही की व्याज सुरू होतं. 'किमान रक्कम' भरली की सुटलो, असं अनेकांना वाटतं; उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. व्याजापासून दूर राहण्याचा कटाक्ष असलेल्या घराने ते कार्ड घ्यायचंच की नाही, हे घेण्याआधी बसून ठरवावं. शिवाय नुसतं टेकवून पैसे देता येणाऱ्या कार्डातून पाच हजारांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. ही सोय नको असेल तर बँकेच्या अॅपमधून बंद करता येते.

आता पैसे अडकण्याची गोष्ट. गेल्या थंडीत सेमाडोहच्या एका टपरीवर आमच्यासमोरच एका गृहस्थाने एकशे ऐंशी रुपये पाठवले. त्यांच्या फोनवर रक्कम कापल्याचा संदेश आला, दुकानदाराकडे काहीच नाही. पैसे आले की बोलणारा तो डबाही गप्प. त्यालाही आत सिम असतं, त्यालाही रेंज लागते. गृहस्थ फोन दाखवत होते, दुकानदार मान हलवत होता. तो खोटं बोलत नव्हता, आणि हेही नव्हते. मागे चालक हॉर्न वाजवत होता. शेवटी बरोबरच्या बाईंनी पर्समधून दोनशेची नोट काढून दिली, वीस रुपये परत घेतले, आणि वाद मिटला.

अशा वेळी नियम काय आहे? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम गेली पण दुकानाला ती मिळाल्याची पुष्टी झाली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्याच दिवशी. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. नियम चांगला आहे. पण सेमाडोहच्या दुकानदाराला पाच दिवसांनी तुम्ही कुठे भेटणार? दुकानदाराचा माल गेला, तुमचे पैसे लटकले, आणि दोघांच्या मधली यंत्रणा कुठेच दिसत नाही. नोटेत असं तिसरं कोणी नसतं. हातातून हातात गेली की व्यवहार संपला. नेटवर्कच्या पलीकडे बँकेची यंत्रणाही बसते: २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला तर देशभर यूपीआय अडखळलं होतं, तेव्हा मुंबईच्या मॉलमध्येही लोक पाकीट चाचपत होते.

इंटरनेट नसताना साध्या फोनवरून *९९# दाबून पैसे पाठवता येतात, पण त्यालाही निदान बोलण्यापुरती रेंज हवी. बँकेचं सर्व्हर अडखळतं तिथे यूपीआय लाइट कामाला येतं, कारण थोडी रक्कम आधीच त्यात काढून ठेवलेली असते.

माझ्या मते मात्र या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा प्रश्न रेंजचा नाहीच. तो घरातल्या बाईच्या पैशाचा आहे.

शाळेत पालकसभेला येणाऱ्या महिलांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. पासबुकावर नाव तिचं. पण खातं उघडताना मोबाइल नंबर दिला तो नवऱ्याचा किंवा मुलाचा. यूपीआय सुरू होतं ते बँकेत नोंदलेल्या नंबरच्या सिमवरच. म्हणजे तिच्या खात्याचं कुलूप दुसऱ्याच्या खिशात. पैसे आल्याचा संदेश त्याला, गेल्याचा संदेश त्याला. कोणी वाईट हेतूने केलेलं नसतं. घरात तेव्हा एकच फोन होता, एवढंच. पण पूर्वी तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत चार नोटा असायच्या, त्यातून बहिणीच्या लेकराला ईदी, आजारी शेजारणीला मदत, स्वतःच्या औषधाची गोळी येत असे. कोणाला हिशेब द्यावा लागत नसे. आता प्रत्येक वीस रुपयांसाठी 'अब्बूला सांग, स्कॅन करतील' असं मुलांना सांगावं लागतं. बाईची मिळकत आणि मेहर तिची स्वतःची, हे आपण निकाहाच्या दिवशी मान्य करतो. मग तिच्या खात्याचा नंबरही तिचाच असायला हवा.

नंबर बदलायला पासबुक आणि आधार घेऊन बँकेच्या शाखेत जावं, अर्ज भरावा. सहीबरोबर अंगठाही चालतो. नंतर तिच्याच फोनवर तिच्यासमोर पिन ठरवावा. पिन मुलालाही सांगू नये, लाडका असला तरी. ऑगस्ट २०२४ पासून 'यूपीआय सर्कल' अशी सोयही आली आहे. त्यात एकाच्या खात्यातून दुसऱ्याला महिन्याला पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची परवानगी देता येते. घरखर्चाला ठीक आहे. पण ते खातं तिचं नसतं, तिला दिलेली मोकळीक असते. दिलेली मोकळीक परतही घेतली जाते.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी ऐकलेलं आहे. एवढं पक्कं ध्यानात असू द्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणालं की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच कळवावं. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चिन्ह पाहून माल देऊ नये. तसं चिन्ह दाखवणारी बनावट अॅप्स निघाली आहेत. आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच पैसे मिळाले.

एक मास्तरकीची तक्रारही मांडते. सातवीच्या वर्गात विचारलं, सदतीस रुपयांचा माल घेतला, शंभराची नोट दिली, किती परत येतील? उत्तर देणारी मुलं बरीच होती, पण नोट-नाण्यांत मांडून दाखवा म्हटल्यावर पन्नास, दहा, दोन, एक अशी पटकन जुळवणारी तीनच निघाली. तिघांच्याही घरी दुकान आहे. बाकीच्यांनी वडिलांना फक्त स्कॅन करताना पाहिलंय. मुलाला आठवड्यातून एकदा तरी पिशवी आणि नोट देऊन किराण्यावर पाठवा.

आणि सेमाडोहला जाणार असाल तर पैसे परतवाड्यातच काढून घ्या, तेही पाचशेच्या नोटांत नको. टपरीवर सुटे मागायची पाळी येते. होळीच्या दिवसांत जाणार असाल तर नाणीही घ्या. होळी हा कोरकूंचा मोठा सण. मेळघाटच्या रस्त्यावर बायका-पोरं गाडी थांबवून नाचत, गात फगवा मागतात. दहाचं नाणं घेताना परतवाड्यात कोणी 'हे चालत नाही' म्हणालं तर त्याला सांगा, दहाची चौदा प्रकारची नाणी आहेत आणि सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं आहे.